मुराळ्याची वाट

धसई, तालुका मुरबाड
ता. ८ फेब्रुवारी १९३७

जावई देवजी यांस सासू गोजर धसईहून सांगते ते ऐकावे. लिहिणारा माझा कुंडलिक. मी बोलते तसंच लिही, शाळेतलं मराठी मधी घुसडू नको, असं त्याला बजावलंय.

माझी सुंदरा जाऊन सहा महिने झाले. मार्गशीर्षात तुमी दुसरी बायको केलीत ते कानावर आलं. घरात नऊ दिवसांचं पोर टाकून बायको गेली तर पुरुषानं काय करावं? मी नावं ठेवीत नाय. पण लेकीची लेक मी अजून डोळ्यांनी बघितली नाय. सुंदरा गेल्याचा सांगावा आला तवा काळू नदी दुथडी भरलेली. दहाव्याला कुंडलिक एकटा कल्याणवरून आगगाडीचा वळसा घालून आला. माझ्यानं तेवढं झालं नाय. आणि आता नदी उतरली तरी मी येणार नाय. ज्या घरानं माझी पोटुशी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडली नाय, त्या घराचा उंबरा मी चढणार नाय.

आमच्यात पोराचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर उतरवतात. शिमगा झाला की पोरीला धाडा. तुमी या, नायतर भरवशाच्या माणसाबरोबर धाडा. विहीणबाईला माझा निरोप काय नाय.

गोजर

ता. क. आई बोलली तसे उतरवले आहे. शब्दांचा राग मानू नये. मुलीला पाठवावे, ही माझीही विनंती.
कुंडलिक मास्तर


किन्हवली, तालुका शहापूर
ता. १७ फेब्रुवारी १९३७

भिमीच्या आजीस तारा पाया पडते.

पत्र ह्यांच्या नावाने आलं, उत्तर माझ्या हातचं आहे, कारण या घरात अक्षर मलाच येतं. आईबाप लहानपणीच गेले. शहापूरला चुलत्याकडे वाढले, मराठी चौथी झाले. चुलत्याने लग्न लावून दिलं आणि हात झटकले. माझ्याविषयी एवढं पुरे.

तुमचं पत्र मी ह्यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यातली एक ओळ वाचली नाय. कुठली ते तुमाला कळेल. ती वाचली असती तर भागीरथीबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पारा चढला असता आणि जावळ राहिलं असतं बाजूला.

भिमी सहा महिन्यांची झाली. आधी शेजारची लहानी आपल्या पोराबरोबर हिलाही पाजत होती. आता शेळीचं दूध आणि नागलीची पेज. निजताना माझ्या कानाची पाळी मुठीत धरते, सोडवली की जागी होते. कानात दागिना नाय ते बरंच झालं म्हणते मी. नाकडोळे तुमच्या लेकीचे, असं सगळी म्हणतात. मी तिला बघितलेली नाय, म्हणून मी पोरीकडेच बघून तिची आई कशी असेल ते ठरवते.

हे जंगलात लाकूडतोडीच्या कूपावर कामाला असतात, आठवड्याने एकदा घरी येतात. म्हणून शिमग्यानंतर मीच घेऊन येईन. आमच्याकडचा गडी जैतू गाडी हाकील. माझं तोंड बघणं तुमाला जड जाणार असेल तर तसं लिहा, मी पडवीत बसेन. पण पोरीला दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाय. ती माझ्याशिवाय निजत नाय.

तारा


धसई
ता. २ मार्च १९३७

सौ. ताराबाई यांस,

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "पडवीत कशाला बसते, घरात येऊ दे." तिच्याकडून एवढे म्हणजे पुष्कळच समजावे.

पहाटे लवकर निघा. काळू नदीला गाडीउतार आहे तिथे सध्या गुडघाभरच पाणी आहे. उन्हाच्या वेळी सरळगावी थांबा, तिथून धसई बैलांच्या पायाने तीन तास. दूध वाटेत नासेल, तेव्हा शेळीच बरोबर आणलीत तरी आमच्याकडे बांधायला जागा आहे.

एक विनंती आहे. गेल्या ज्येष्ठात सुंदराला माहेरी आणायचे राहून गेले, तो विषय आईपुढे काढू नका. ते निघाले की ती दोन-दोन दिवस जेवत नाही. तुमच्या सासूबाईंनी काही सांगितले असेल तर तेही मनातच ठेवा.

कुंडलिक


किन्हवली
ता. १५ एप्रिल १९३७

भिमीच्या आजीस तारा पाया पडते.

मी पोचले. शेळी पोचली, जैतू पोचला. सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून तो त्यांनी तसाच कुत्र्याला टाकला.

आमी कसे आलो ते तुमी विचारलं नाय आणि मी सांगितलं नाय, म्हणून आता लिहिते. उजाडायच्या आत निघालो. बैलांच्या घुंगरांना भिमी हसत होती. नदीत गाडी उतरली तेव्हा जैतू म्हणाला, पोर पहिल्यांदा पाणी ओलांडते, नदीला काहीतरी द्या. माझ्याकडे सुपारी होती ती सोडली. पल्याडच्या काठावर मी तिचं तोंड पुसून काजळ घातलं, धुळीने भरलेली नात आजीला दाखवायची नाय म्हणून. सरळगावी सावलीला बसलो होतो तिथं एका बाईने विचारलं, पहिलीच का गो? मी हो म्हटलं. हे खरं बोलले की खोटं, ते मला अजून ठरवता आलेलं नाय.

तुमी मला घरात घेतलंत, माझ्या ताटात तूप वाढलंत. जावळ झालं. मास्तरांचे हात एवढे थरथरत होते की न्हावी दोनदा म्हणाला, मास्तर, पोर नीट धरा. बहिणीची आठवण, दुसरं काय. मला वाटलं, या घरी आपण वरचेवर येऊ.

तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली. तुमी भिमीला काखेत घेतलंत, मला वाटलं गाडीपर्यंत पोचवायला येताय. तुमी उंबऱ्यावर थांबलात. म्हणालात, "माझी लेक तुमी धाडली नाय. ही मी धाडीत नाय. तू जा." मी काही न बोलता गाडीत बसले. त्याचा मला आता राग येतो, तुमचा नाय, माझा. सरळगावपर्यंत माझ्या कानात तिचं रडणं होतं. एवढ्या लांब ऐकू येत नसतं, हे मला कळतं.

तिचे वरचे दात येतायत. खारीक द्या चोखायला, पण बी काढून. पेज फडक्यातून गाळून द्या. संध्याकाळी दिवा लावताना ती उगाच रडते, तेव्हा दुखतंय म्हणून काही पाजू नका, नुसतं उचलून अंगणात न्या.

ती माझी आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण मी तिची आहे. तिला परत द्या.

तारा


धसई
ता. २७ एप्रिल १९३७

पोरी,

तुझं पत्र कुंडलिकनं वाचलं. मी परत एकदा वाचायला लावलं. खारकेची बी काढली, पेज गाळली. दिव्याच्या वेळी अंगणात नेते. रात्रीचं मात्र लय रडते, ते तुला सांगायचं नव्हतं, पण लबाडी माझ्या अंगात नाय.

माय मरो नि मावशी जगो म्हणतात. तू तर मावशी बी नाय. तरी पोरीला तू जपलीस, तिच्या मानेच्या वळीत मळ नव्हता, ते तुमी आल्या-आल्या मी बघितलं. तुझ्याशी माझं वैर नाय. पण तू ज्या घरात गेलीस त्या घराचं ऐक.

गेल्या ज्येष्ठात कुंडलिक गाडी घेऊन तुमच्या दारात आला होता. गाडीत पेंढ्यावर गोधडी मी माझ्या हातांनी अंथरली होती, लेकीला हिसके बसू नयेत म्हणून. तुझ्या सासूनं त्याला पाण्याचं बी विचारलं नाय. म्हणाली, लावणी तोंडावर आली, घरात दोन हात कमी पडतील, नाय धाडीत. पोरगा रिकामी गाडी घेऊन घरी आला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाय.

मी सुईण हाय. धसईतली निम्मी पोरं या हातांवर आली. आणि माझ्या लेकीला बाळंतपणात ताप भरला तवा हे हात नदीच्या अल्याड. माझ्यापाशी असती तर मी तिला मरू दिली नसती. असं वाटून मी रोज उठते आणि रोज निजते.

त्या घरात मी आणखी एक लेक धाडू? जावई आले तर जेवतील, पोरीला मांडीवर घेतील. पोरगी मिळणार नाय.

गोजर

ता. क. या पत्राला उत्तर न दिलेले बरे. आई शांत झाली की मीच कळवीन.
कुंडलिक


किन्हवली
ता. १२ मे १९३७

कुंडलिक मास्तरांस,

उत्तर देऊ नका म्हणालात, तरी देते. हे पत्र तुमाला आहे की आईंना, ते तुमीच ठरवा.

ह्या खेपेला मी काही न गाळता सगळं वाचलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. लावणीची ओळ आली तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "उचलली जीभ लावली टाळ्याला. कोण आलं होतं? कधी आलं होतं?" मी जैतूला हाक मारली. तो म्हणाला, कोणी नाय आलं. ह्यांना विचारलं, तेही तेच म्हणाले. लहानी कुंपणापलीकडून म्हणाली, अगो, आमी सगळी वाट बघत होतो.

सासूबाईंनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. वैशाख अर्धा सरला तशी सुंदरा रोज सकाळी न्हाऊन, लुगड्यांचं बोचकं बांधून ओट्यावर बसायची. दादा येईल म्हणायची. रस्त्याने गाडी आली की उठून उभी राहायची. पोट सांभाळत उठायची, आणि गाडी पुढे गेली की परत बसायची. ज्येष्ठात पाऊस लागला, तरी आठ दिवस बसली. मग एका सकाळी तिने आपणच बोचकं सोडलं आणि लुगडी दांडीवर टाकली.

मी सासूबाईंना म्हटलं, गाडी आपली होती, जैतू होता, मग तुमीच का नाय पोचवलीत? त्या म्हणाल्या, "माहेरचा मुराळी न्यायला आल्याबिगर पोटुशी सून धाडायची म्हणजे हाकलून दिली म्हणतात. आईच्या दारात तिची मान खाली गेली असती. मी तिचा मान बघितला." मग सूप परत मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मान बघितला आणि बाय घालवली." त्या दिवशी त्या जेवल्या नाय. दहाव्याला तुमी आलात तेव्हा त्यांच्या ओठांवर आलं होतं की मुराळी का आला नाय. पण लेक गेलेल्या घराला काय विचारायचं, म्हणून गिळलं.

तुमी आलाच नव्हतात, मास्तर. का, ते मी विचारत नाय. माझ्या हातूनही चूक झाली. फेब्रुवारीत ती एक ओळ मी गाळली नसती तर हे सगळं तेव्हाच उघडं पडलं असतं आणि भिमी आज माझ्यापाशी असती. वाचणाऱ्याने गाळलं की काय होतं, ते आपण दोघांनी बघितलं.

हे गेल्या आठवड्यात धसईला येऊन गेले. जेवून आले, पोरीला मांडीवर घेऊन आले, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांच्याच्याने होणार नाय.

आईंना अक्षर येत नाय. माझं पत्र म्हणजे तुमच्या तोंडून जे निघेल ते. तुमी हे चुलीत घातलंत तरी कोणाला कळायचं नाय. दुसऱ्या कोणाकडून त्यांना निरोप धाडावा असं मनात आलं होतं, जैतूही जायला तयार होता. पण परक्याच्या तोंडून ऐकलं तर लेकीपाठोपाठ त्या लेकालाही मुकतील. म्हणून तुमच्याच हाती देते.

तारा


धसई
ता. २० जून १९३७

ताराबाई,

तुमचे पत्र मी चुलीत घातले नाही. वाचूनही दाखवले नाही. आईने विचारले, काय म्हणते पोरगी? मी म्हटले, खुशाली आहे.

तुम्ही का ते विचारले नाहीत, तरी मला कुणाला तरी सांगितले पाहिजे. वैशाखात शाळेला सुट्टी लागताच सुंदराला आणायचे ठरले होते. मुरबाडला एका सोबत्याचे लग्न निघाले. तिथून आम्ही चौघे कल्याणला गेलो, तिथे नाटक मंडळी उतरली होती. एक खेळ पाहिला, मग दुसरा. आज जाऊ, उद्या जाऊ, बाळंतपणाला अजून अवकाश आहे, असे करता करता तीन आठवडे निघून गेले. घरी आलो तेव्हा आईने गाडीत गोधडी अंथरून ठेवली होती. निघालो तर सरळगावच्या पुढे पावसाने गाठले. काळू लाल होऊन वाहत होती. मी काठावर दुपारपर्यंत बसलो आणि गाडी वळवली. कल्याणहून आगगाडीने आसनगावला उतरून येता आले असते. बहिणीच्या दहाव्याला तसाच आलो की. त्या दिवशी काठावर मात्र मनात आले, किन्हवलीलाही सुइणी आहेत.

घरी आल्यावर आईने विचारले, सुंदरा कुठाय? नाटकाचे सांगायची लाज वाटली. मी म्हटले, त्यांनी पाठवली नाही. लावणीचे कारण माझ्या तोंडून आपोआप निघाले. दोन महिन्यांत बहीण बाळ घेऊन येईल आणि हे सगळे विसरले जाईल, असे धरून चाललो होतो.

पोरांना मी रोज फळ्यावर "खरे बोलावे" गिरवायला देतो. आईला सांगायला तोंड उघडतो आणि पाणी मागतो. जावळाच्या दिवशी हात का थरथरत होते ते आता तुम्हाला कळले.

भिमी धरून उभी राहते. नदीला पूर आहे. आता सांगितले तरी तिला पोचवता येणार नाही, असे मी स्वतःला समजावतो. तुम्ही माझा तिरस्कार केलात तर तो मला मान्य आहे.

कुंडलिक


किन्हवली
ता. ३० ऑगस्ट १९३७

मास्तर,

पूर आहे म्हणून थांबायची तुमाला सवय लागली आहे. एवढं बोलून घेतलं, आता राग नाय.

भिमीला वर्ष झालं. त्यानंतर नवव्या दिवशी सुंदराचं वर्षश्राद्ध सासूबाईंनी केलं. पान ठेवलं, कावळा शिवला नाय. पाऊस होता म्हणून असेल. सासूबाई घोंगडं घेऊन दुपारपर्यंत परसात उभ्या होत्या, मी आत बोलावलं तरी आल्या नाय. शेवटी पान गाईला घातलं.

भिमीला पाऊल फुटलं का? कोणाचा हात धरून चालली? माझ्या डोळ्यांपुढे ती अजून झोळीतच आहे. शेळी आटली, ती मी विकू दिली नाय.

या गोष्टीवर मी परत लिहिणार नाय. तुमाला मी चांगला माणूस समजत होते आणि अजून समजते, हे मात्र सांगून ठेवते.

तारा


धसई
ता. ७ नोव्हेंबर १९३७

ताराबाई,

परवा भाऊबीज झाली. मी शेतावर जायचे निमित्त काढले होते, आईने जाऊ दिले नाही. म्हणाली, "बहीण नाय म्हणून काय झालं, तिची लेक ओवाळील." पाट मांडला, निरांजन लावले. भिमीला मांडीवर घेऊन तिच्या मुठीत ताट धरवले आणि स्वतःचा हात खाली लावून मला ओवाळायला लागली. भिमीला दिव्याची गंमत वाटत होती. आई म्हणाली, "सुंदरा, तुझ्या दादानं तुझ्यासाठी हेलपाटा घातला गो, पण मेल्यांनी तुला धाडली नाय."

माझ्याने बसवले नाही. मी उठलो, पेटीतून तुमचे मे महिन्यातले पत्र काढले आणि तिथेच उभा राहून वाचले. एकही शब्द गाळला नाही. मग नाटकाचे, नदीचे, सगळे सांगितले.

आई ऐकत राहिली. म्हणाली, "ते ओट्यावर बसायचं परत वाच." मी वाचले. आणखी एकदा वाचायला लावले. मग तिने निरांजन विझवले, भिमीला खाली ठेवले आणि भांडी घासायला घेतली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मारले असते तर सोसले असते.

आज ती भिमीला घेऊन किन्हवलीला निघाली. गाडी शेजारच्या बारकूची. मी येऊ का म्हणून विचारले. तिने ऐकले, पण माझ्याकडे बघितले नाही. पोरीला काखेत घेऊन गाडीत चढली आणि बारकूला हाक म्हणाली. हे पत्र मिळेल त्याच्या आधीच ती तुमच्याकडे पोचलेली असेल.

तिथे ती माझ्याविषयी काय बोलते, ते बरे-वाईट जे असेल ते कळवा.

कुंडलिक


किन्हवली
ता. २४ नोव्हेंबर १९३७

कुंडलिकदादांस तारा नमस्कार करते.

आई काल पहाटे इथून निघाल्या. म्हणजे हे पत्र हातात पडेल तेव्हा त्या घरी असतील, पण त्या तुमाला काही सांगतील याची खात्री नाय, म्हणून मी सांगते.

आल्या त्या दिवशी गाडीतून उतरल्या आणि अंगणातच थांबल्या. उंबरा चढणार नाय असं म्हणालेल्या बाईला आत ये कसं म्हणायचं, मला सुचेना. सासूबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या, भिमीवरून ओवाळून टाकला. मग तसाच आईंवरूनही ओवाळला. आई म्हणाल्या, "विहीणबाई, वरीसभर मी तुमाला शिव्या दिल्या. रोज चूल पेटवताना." सासूबाई म्हणाल्या, "मी बी तुमाला दिल्या." मग आई म्हणाल्या, "ती ओट्यावर बसायची ती जागा दाखवा." सासूबाईंनी दाखवली. आई तिथं जाऊन बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाय. सासूबाई शेजारी बसून राहिल्या. मी दोघींना चहाही विचारला नाय.

भिमीने मला ओळखलं नाय. मी हात पुढे केले, तिने माझ्याकडे बघितलं आणि आईंच्या मानेत तोंड घातलं. सात महिने कमी नसतात. मी आत जाऊन चुलीपुढे रडले. आईंनी ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी परत फिरायचं म्हणत होत्या त्या राहिल्या, चांगल्या सोळा दिवस. भूक लागली की भिमी त्यांच्याकडे धावायची, आणि त्या उठून परसात जायच्या. ती दारात उभी राहून हंबरडा फोडायची आणि आई गोठ्यामागे कानांवर हात ठेवून बसायच्या. एकदा मीच म्हटलं, राहू द्या, मला बघवत नाय. त्या म्हणाल्या, "माझी सवय सुटल्याबिगर तुझी लागायची नाय. माझ्याकडं बघू नको, पेज भरव."

चौथ्या दिवशी तिने माझ्या हातची पेज खाल्ली. नवव्या दिवशी कुशीत निजली. कान धरला नाय, ती सवय मोडली. आता ती पदराचं टोक चोखते. हे तिला धसईला लागलं असणार, असू दे.

काल पहाटे त्या निघाल्या तेव्हा भिमी निजलेली होती. त्यांनी तिचा मुका घेतला नाय, जागी होईल म्हणून. तिच्या पायावरचं पांघरूण तेवढं सारखं केलं. हे सोपं नव्हतं, दादा, हे मी बघितलंय.

आता तुमी विचारलंत ते. पंधरा दिवस त्यांनी तुमचं नाव घेतलं नाय. बरं नाय, वाईट नाय. परवा मी विहिरीवरून घागर घेऊन आले आणि ओट्याशी मला मळमळलं. आई बघत होत्या. घागर उतरवली, माझी नाडी बघितली, पोटाला हात लावला, दोन गोष्टी विचारल्या. म्हणाल्या, "आषाढात दिवस भरतील." मला स्वतःलाच धड खात्री नव्हती, ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

मग त्या सासूबाईंकडे वळल्या. म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही पोर माझ्याकडं येणार, भिमीला घेऊन. धाडाल?"

सासूबाई म्हणाल्या, "धाडीन की. पण मुराळी आला पायजे. रीत हाय."

मला भीती वाटली की आता परत सगळं उसवणार. सासूबाईंनाही वाटलं असावं, त्या सूप उगाच झाडत होत्या. आई रस्त्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कुंडलिकला लिही. अक्षयतृतीयेला गाडी घेऊन ह्या दारात उभा राहा म्हणावं. पाऊस लागायच्या आत."

बारकूचं नाव त्यांनी घेतलं नाय, दुसऱ्या कोणाचंही नाय. घरी त्या तुमच्याशी बोलायला लागतील की नाय, ते मला ठाऊक नाय. कदाचित लागणार नाय, बरेच दिवस. मला एवढंच ठाऊक आहे की मला माहेर नव्हतं, आणि मला न्यायला कोणी यायचं हे त्यांनी ठरवलं तेव्हा तुमालाच सांगितलं.

हे पत्र लिहिताना सासूबाई शेजारी बसल्यात. मी वाचून दाखवलं, काही गाळलं नाय. त्या आत्ता मला विचारतायत, "येईल ना गो तो?"

मी म्हटलं, येईल.

तारा